सागाच्या चार फांद्या

आमच्याकडे ट्रक बंद पडला की ड्रायव्हर ट्रकच्या मागे रस्त्यावर फांद्या टाकून ठेवतो. त्या दिसल्या की गाडी हळू करायची, हे हातांनाच ठाऊक असतं.

सोमवारी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातली पाळी संपवून मोटारसायकलने घरी येत होतो. जंगलातल्या वळणाआधी सागाच्या चार ओल्या फांद्या आडव्या पडल्या होत्या. मी ब्रेक दाबला. ट्रक नव्हताच, पण रानडुकरांचा कळप माझ्या चाकापुढून सुसाट गेला.

पुढे टपरीवाल्या सोमाजीभाऊंना विचारलं, "फांद्या कोनं टाकल्या?"

"कोनत्या फांद्या? आज इथी एकबी ट्रक बंद नाई पडला."

बुधवारी तशाच फांद्या आमच्या गावाजवळच्या नाल्यापाशी होत्या. थांबलो. पुढे विजेची तुटलेली तार बरोबर गळ्याच्या उंचीवर लोंबत होती.

घरी बायकोला, दिव्यानीला, सांगितलं. ती हसली. "चांगलंच हाय ना. कोनीतरी तुमाले जपून राह्यलं."

तेव्हापासून मी रस्ता बघतच नाही, फांद्याच शोधतो.

आज वळण मोकळं होतं. नालाही मोकळा. गावात शिरलो तेव्हा कुठे ब्रेकवरचं बोट काढलं.

अंगणात वळलो आणि कचकन ब्रेक दाबला.

आमच्या उंबरठ्यासमोर चार फांद्या आडव्या होत्या. सागाच्या, ओल्या. दार सताड उघडं होतं.

"काऊन थांबले?" आतून दिव्यानीनं हाक मारली. "या ना घरात."

आवाज तिचाच आहे. मी गाडी अजून बंद केलेली नाही.