पप्पांना विचारून

"चहा घेशील?" फिलूनं विचारलं. साधा प्रश्न. पण रेजिनानं आधी शेजारी बसलेल्या दीदीकडं बघितलं. दीदीनं मान हलवली, तेव्हा कुठं पोरीनं कप उचलला. फिलूच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःचं घर, आईच्या हातचा चहा, आणि हुकूम त्या परक्या बाईचा!

कोर्लईच्या या घरात रेजिना वर्षानं येत होती. तळ्याकडच्या डोंगरात कुणा एका 'पप्पां'ची 'सातवा दिवा' नावाची मंडळी होती, तिथं ती राहायला गेली ती गेलीच. आज आली तीही आज्यासाठी. पास्कूआजा खाटेला खिळलेला, डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि म्हाताऱ्यानं एकच धरलेलं, नातीच्या कपाळावर क्रूस काढीन, मगच डोळे मिटीन. म्हणून मंडळीनं तिला तासाभरासाठी सोडलं, तेही त्यांच्यातल्या या दीदीला सोबत लावून.

फिलूनं फादर इनासना आधीच बोलावून ठेवलं होतं. तिची सगळी भिस्त त्यांच्यावर. फादर चार खडे बोल सुनावतील आणि पोरीच्या डोक्यातलं भूत उतरेल. कसलं काय! फादर आपले हळू आवाजात विचारत होते, जेवण बरं असतं का, झोप होते का.

"फादर, जरा मुद्द्याचं बोला की!" फिलू करवादली. "ही मान्सं आपल्यातली न्हाईत म्हणून सांगा तिला."

दीदी गोड हसली. "का नाही? रोझरीची प्रार्थना आम्ही म्हणतो, उपास आम्ही करतो. तुमच्या सिस्टर घर सोडतात, तुम्ही बिशपांचं ऐकता. आम्ही पप्पांचं ऐकतो. मग आमचंच काय वाईट?"

फादरांनी नुसती मान डोलावली. फिलूला वाटलं, जाऊन भिंतीवर डोकं आपटावं. बरं, बोलायला तिला तरी तोंड कुठं होतं? पोरगी तास तास गुडघ्यावर बसते म्हणून गावभर मिरवली ती हीच, आणि त्या मंडळीच्या प्रार्थनेला पोरीला पहिल्यांदा हाताला धरून नेलं तेही हिनंच. देवाचं नाव घेतात, मग वाईट कशाला असतील, असं तिला वाटलं होतं.

"माझी सख्खी बहीण सिस्टर होती," फादर अखेर म्हणाले. "पुढं तिला जमेना. कॉन्व्हेंट सोडून घरी आली, लग्न केलं. त्या लग्नाला तिची मदर सुपीरियर पहिल्या बाकावर बसली होती. जेवताना तिनं दोनदा डुकराच्या मटणाचं सोरपोतेल मागून घेतलं. तुमच्याकडून कुणी निघून गेलं तर?"

दीदी तोंड उघडायच्या आत रेजिनानंच सांगितलं, पाठ केल्यासारखं. "गेलेल्याचं आम्ही नाव घेत नाही. ते मेलेले."

"मेलेल्यांसाठी तरी चर्चमध्ये मिस्सा करतो गं आपण," फादर म्हणाले.

रेजिनानं दीदीकडं बघितलं.

तेवढ्यात आतून आज्यानं हाक मारली. सगळी उठून आत गेली. या घरात संध्याकाळची रोझरी झाली की धाकट्यांनी मोठ्यांपुढं वाकायचं आणि मोठ्यांनी त्यांच्या कपाळावर बोटानं क्रूस काढायचा, ही रीत. रेजिना चालायला लागली तेव्हापासून या म्हाताऱ्यापुढं वाकत आलेली. आज्यानं हात वर केला. "ये गो बाय."

रेजिना जागची हलली नाही.

"आशीर्वाद फक्त पप्पांचा घ्यायचा असतो," दीदीनं समजुतीच्या सुरात सांगितलं. "दुसऱ्या कुणाचा घेतला की केलेली सगळी प्रार्थना वाया जाते."

"वाया जाते?" फिलूचा आवाज चिरकला. "मरायला टेकलाय गो तो! आनि रेजिना, तुझ्या जिभेला काय झालंय? तिचं तोंड कशाला बगतेस? तुला वाकायचंय की न्हाय, तू सांग!"

"वाकायचंय." पोरीचे डोळे भरून आले. आल्यापासून पहिल्यांदा ती घरातली बोली बोलली. "पन विचारल्याबिगर न्हाय येत गो आई मला."

"मग विचार की!" फिलू ओरडली.

बोलून गेली आणि तिलाच कसंतरी झालं. फादरांनी चमकून तिच्याकडं बघितलं. दीदीनं मात्र लगेच फोन लावला आणि कोपऱ्यात जाऊन कुजबुजली. "होय पप्पा. आजोबाच. होय, शेवटचंच आहे." आज्याचा हात चादरीवर पडला. त्यानं तो पुन्हा उचलला.

दीदी हसत परत आली. "पप्पा हो म्हणालेत. फक्त मुलीच्या आईनं आधी त्यांचे आभार मानायचे." तिनं फोन फिलूच्या तोंडाशी धरला. पलीकडं कुणीतरी वाट बघत थांबलं होतं, त्याचा श्वास ऐकू येत होता.

फिलूच्या मनात आलं, हा फोन हिसकून दगडावर आपटावा. या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा. एवढ्या शिव्या तिला येत होत्या, रेवदंड्याच्या बाजारात तिच्याशी कुणी वाद घालत नसे.

"फिलू, थांब," फादर म्हणाले.

"रेजिना, हायस ना गो तितं?" आज्यानं विचारलं. त्याला धाप लागली होती.

"थँक्यू, पप्पा," फिलू फोनमध्ये म्हणाली.

रेजिना आज्यापुढं वाकली. म्हाताऱ्यानं तिच्या कपाळावर क्रूस काढला, पुन्हा एकदा काढला, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत डोळे मिटून पडला. रेजिना उठली ती थेट येऊन आईच्या गळ्यात पडली, वर्षभरात पहिल्यांदा. तिचा चेहरा आनंदानं नुसता फुलून आला होता.

"बघितलंस आई?" ती फिलूच्या कानाशी म्हणाली. "विचारलं की किती सोप्पं असतं!"