निम्मं लाकूड

उत्तर मिशिगनमधल्या त्या गावात आज फोडलेलं लाकूड वर्षभर वाळून पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात जळायचं. त्यासाठी अर्विडची दोन्ही मुलं दर ऑक्टोबरात दोन दिवस घरी येत. पण कुऱ्हाडीपुढे बोलायला सवड कुणाला!

यंदा म्हाताऱ्याने घराला ऊब देणारा अंगणातला जुना बंब काढला आणि निम्म्या लाकडात भागणारा नवा बसवला. एका दिवसात काम उरकेल, दुसऱ्या दिवशी तिघं तळ्यावर मासे धरत निवांत बसू, असा त्याचा बेत होता. तिन्ही गळ घासूनपुसून ठेवून त्याने थोरल्या लायलला फोन लावला.

"निम्मंच लागतं? झकास काम केलंत बाबा!" लायल खूश झाला.

तोच पुढे म्हणाला, "म्हणजे गेल्या वर्षीचं लाकूड दोन हिवाळे पुरेल. यंदा आम्ही यायची गरजच नाही की!"