सांध्यातली फट

पाचशे मैलांच्या या रेल्वेमार्गाला पैसा माझ्या सासऱ्यांचा आणि अभियंता मी, त्यांचा घरजावई. वेगळं घर घेण्याचा विषय आम्ही नवराबायकोने तीनदा काढला. तिन्ही वेळा त्यांचं उत्तर एकच, "माणसं एकमेकांना चिकटून राहिली की घर मजबूत राहतं."

आज सकाळी थंडीत ते काम बघायला आले आणि पहिल्याच सांध्यापाशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जावईबापू, दोन रुळांमध्ये फट? तीही प्रत्येक सांध्यात?" त्यांनी खिशातलं नाणं काढून फटीत उभं घातलं. ते अलगद आत गेलं. "आजच्या आज सगळे रूळ चिकटवून घ्या!"

"दुपारपर्यंत थांबा, मामा. आणि नाणं तिथेच राहू द्या."

दुपारी ऊन चांगलं तापल्यावर मी म्हटलं, "आता काढा." त्यांनी चिमटीत धरून ओढलं, नखं लावली, काठीने टोकरलं. नाणं जागचं हलेना.

"उन्हात लोखंड वाढतं, मामा. मध्ये जागा ठेवली नाही तर रूळ एकमेकांना रेटतात आणि वाकडे होतात. चिकटवलेला मार्ग एक उन्हाळासुद्धा टिकायचा नाही."

 ते काठी काखेत मारून म्हणाले, "तुम्ही बघितलेलं ते पलीकडच्या गल्लीतलं घर अजून रिकामं आहे का हो?"