कोंडाजींचा दहावा

पिंडाला कावळा शिवेना. पौडच्या घाटावर जमलेली माणसं आधी झाडाकडे बघत होती, मग हळूहळू कोंडाजींच्या मुलाकडे, रोहितकडे बघू लागली.

कावळे नव्हते असं नाही. फांदीवर चांगले ओळीनं बसले होते. खाली पत्रावळीवर कोंडाजींच्या आवडीची नाचणीची भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात. पण एक मेला ढुंकून बघेल तर शपथ.

"कसा शिवंल?" रोहितचे चुलते अण्णासाहेब शेजाऱ्याला म्हणाले, पण रोहितला ऐकू जाईल अशा बेतानं. "वरीसभर बापाला भाकरीचा तुकडा दिला न्हाई. म्हनं, रानातला मानूस कंद आन मटनच खायचा."

रोहितकडे उत्तर होतं. माणूस लाखो वर्षं शेतीशिवाय जगला, धान्य आलं अगदी परवा. अंगाला ते अजून मानवलेलं नाही, बसून खाणाऱ्याला तर नाहीच. जमीन विकून ओट्यावर बसलेल्या, साखर वाढलेल्या बापाला त्यानं हेच पटवलं होतं. पण साखर शेवटपर्यंत हटली नाही. आता बोलायला तोंड कुठं होतं? आणि लोकांचं सोडा, त्याला स्वतःचाच संशय यायला लागला होता. आपण आबांना उपाशी तर नाही मारलं?

"काही राहिलं असेल तर कबूल करा," गुरुजी म्हणाले. "नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववतो."

अण्णासाहेबांनी रोहितचं लग्न लावायचं कबूल केलं. कावळे हलले नाहीत.

तेव्हा राजाबाई उठली आणि नवऱ्याच्या पिंडाजवळ वाकली. मुलगा मागं येऊन उभा राहिलाय याचं तिला भान नव्हतं.

"पोराला न्हाई सांगत," ती पुटपुटली. "रोज गोठ्यात मी तुमास्नी भाकरी आनून देत हुते, ह्ये मी मरस्तवर कुनाला न्हाई सांगत. घ्या आता."

एक कावळा खाली उतरला आणि भाकरीला चोच मारून गेला.

माणसं धोतरं झटकत उठली. अण्णासाहेब लगबगीनं आले. "वयनी, काय कबूल केलंत?"

राजाबाई पदराशी चाळा करत राहिली.

"माझ्या वतीनं माफी मागितली तिनं," रोहित म्हणाला. "मी आबांना उपाशी ठेवलं म्हणून."

राजाबाईनं चमकून त्याच्याकडे बघितलं.

"मला पयल्यापास्नं ठावं हुतं," अण्णासाहेब म्हणाले.