दाखवून दिलेलं मत

"पत्रिका मला उघडून दाखवायची, नाहीतर मत बाद होतं," आबासाहेबांनी पुन्हा बजावलं. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपलं मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावंच लागतं, आणि प्रतिनिधी होते पक्षाचेच ज्येष्ठ आमदार आबासाहेब. चार दिवस हॉटेलात कोंडलेल्या नव्या आमदार सोनाताई कोवे यांनी नुसती मान हलवली.

मतदानाच्या कप्प्यात जाऊन त्यांनी तिथलं जांभळं पेन उचललं. पक्षाच्या बिल्डर उमेदवाराला वगळून, पाड्यापाड्यांवर शाळा काढणाऱ्या अपक्ष गुरुजींच्या नावापुढे एकचा आकडा काढला.

बाहेर येऊन त्यांनी पत्रिका आबासाहेबांसमोर धरली.

"बघा आबा, नियमानं दाखवलंय. आता बाद होत नाही."

आबासाहेब आकड्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "टाका पेटीत. ते पेन तिथंच आहे ना, ताई? माझं मत अजून राहिलंय."