भागोजीची कवळी

“झोपताना काढून ठेवायची!” डॉक्टर शेट्ये भागोजीच्या कानात पुन्हा ओरडले.

“व्हय, व्हय, एकदम फिट बसली,” भागोजी म्हणाला आणि हातातल्या आरशात नवे दात बघत बसला.

डॉक्टरांनी हात टेकले. मुंबईच्या गिरणीत मागांच्या खडखडाटात या माणसाचे कान गेले होते, आणि संपानंतर गावी परतेपर्यंत दातही गेले. महाडच्या त्या एवढ्याशा दवाखान्यात ओरडून ओरडून डॉक्टरांचाच घसा बसायची वेळ आली होती. शेवटी ते भागोजीच्या बायकोकडे वळले. प्रयागबाई कोपऱ्यात तोंडावर पदर धरून बसली होती.

“बाई, तुम्हीच नीट ऐका आणि घरी जाऊन यांना समजवा. झोपताना कवळी काढायची, गार पाण्यात ठेवायची. हिरड्यांनाही विसावा लागतो. सुरुवातीला पेज, मऊ भात, असंच द्या. कुठे टोचलं तर तडक इकडे या, मी घासून देईन. आणि गरम पाणी अजिबात नाही, कवळी वाकडी होईल. समजलं?”

“समजलं, डॉक्टर. सगळं समजलं,” प्रयागबाई पदराआडून म्हणाली.

तिला खरंच सगळं समजलं होतं. पोलादपूरच्या एस.टी.त बसून तिनं एकेक सूचना मनात घोळवली आणि तिला फार बरं वाटलं. पदराआड तिचे पुढचे दोन दात नव्हते. तरुणपणी भागोजी रजेवर आला असताना त्यानं पितळी तांब्या फेकून ते पाडले होते. माझी दुभती म्हैस विकू नका, एवढंच ती म्हणाली होती. म्हैस गेली, दात गेले, आणि त्या दिवसापासून ती नवऱ्याशी एक अक्षरही बोलली नव्हती. आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या त्यांच्या वाडीत सगळे म्हणत, प्रयागबाई म्हणजे गरीब गाय. गाईच्या पोटात काय आहे ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

भागोजीला दात हवे होते ते शिमग्यासाठी. पालखीपुढे उभं राहून देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घरचा. पण दात गेले आणि त्याच्या तोंडून शब्दांऐवजी नुसती हवा यायला लागली. पोरं फिदीफिदी हसू लागली. गावानं तो मान उचलून त्याच्या चुलतभावाला, चांगूला दिला. हे भागोजीच्या जिव्हारी लागलं. या शिमग्याला खणखणीत बोलून दाखव आणि मान परत घे, असं पंच म्हणाले होते. तेव्हापासून तो दुसरं काही बोलतच नव्हता.

“डॉक्टर तुला काय सांगत व्हता गो?” घरी आल्यावर त्यानं विचारलं.

प्रयागबाईनं नुसती मान हलवली आणि ती चुलीकडे गेली. उत्तराची त्याला गरजही नव्हती. बारा गावचं पाणी प्यायलेला, गिरणीत कामगारांवर मुकादमी केलेला जॉबर तो, त्याला कोण शिकवणार?

“मला म्हाईत हाय,” तो म्हणाला. “नवा पार्ट बसवला की मशीन बंद करायची नाय. चालू ठेवली की घासून घासून जाग्यावर बसतो.”

त्यानं मशीन चालू ठेवली. झोपतानाही कवळी तोंडात, जेवतानाही तोंडात. त्यानं भाकरी मागितली, तिनं चांगली कडक भाजून दिली. सोबत सुके बोंबील दिले. भाकरीच्या तुकड्याला रक्त लागलेलं दिसलं तेव्हा प्रयागबाईला आनंद झाला. हो, आनंदच झाला, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

मग हिरड्या सुजल्या. भागोजीनं कण्हत कण्हत कवळी ओढून काढली आणि वाडग्यात टाकली.

“कढत पाणी वत गो हिच्यावर. धुऊन घातली की सूज उतरंल.”

चुलीवर पाणी खळखळत होतं. गार पाण्याचा हंडा शेजारीच होता. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिची जीभ सवयीनं दातांच्या खिंडीत गेली, आणि तिनं चुलीवरचं भांडं उचलून वाडग्यावर ओतलं.

शिमगा तोंडावर आला तेव्हा दोघं पुन्हा महाडला गेली. डॉक्टरांनी भागोजीचं तोंड उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. कवळी वाकडी झाली होती, हिरड्या जागोजागी सोलवटल्या होत्या.

“या जखमा भरल्याशिवाय नवं माप घेता येणार नाही!” ते भागोजीच्या कानात ओरडले. “पावसाळा उजाडेल!”

“आन् शिमगा?”

“शिमगा विसरा!”

हे मात्र भागोजीला एका फटक्यात ऐकू आलं. एवढा मोठा माणूस, पण त्याचे डोळे भरले. गालफडं आत गेलेल्या त्या तोंडातून काहीतरी आलं, ते कुणालाच कळलं नाही.

डॉक्टर प्रयागबाईवर उसळले. “बाई, मी तुम्हाला इतकं बजावून सांगितलं होतं! यांना सांगितलं का नाहीत?”

“काय म्हनतो डॉक्टर?” भागोजीनं कानामागे हात धरला. “हिला काय विचारतो?”

प्रयागबाई उठली. तोंडावरचा पदर तिनं खाली सोडला. नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनीही माना वळवाव्यात अशा आवाजात म्हणाली, “माझं दात पाडलंत त्या दिशी तुमीच सांगितलं व्हतं, परत माझ्याम्होरं तोंड उघडायचं नाय!”