ओट्यावरचं जंगल

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात सोनईला आलेल्या भाच्यांना मी नवा खेळ शिकवला. ओट्यावर खडूनं जंगल काढलं. गहिनी जादूगार, पाच वर्षांची राही राणी, मी राक्षस. काय करणार ते सांगायचं आणि फोडलेले चिंचोके टाकायचे. पांढरे पडले तर जमलं. जादूगार मला बेडूक करायला गेला. सगळे काळे पडले, मी त्याला गिळलं. राहीचे डोळे भरले. आता राणीही गेली की खेळ संपला. "राणी काय करती?" मी गुरगुरलो. तिनं हातातली तेलमिठाची भाकरी पुढं केली. "राक्षसा, जेवला का?" भूक होतीच, खाल्ली. "मामा, माझं मीठ खाल्लं! आता राक्षसाला मला खाता येत न्हाई!" खेळ माझा, पण हा नियम माझ्याआधीचा. मी गहिनीला मुकाट ओकलं. "चल राक्षसा, माझ्या शेळ्या राख," अंगणात बांधलेल्या आमच्या शेळ्यांकडं बोट करत राणी म्हणाली. जंगल खडूचं होतं. शेळ्या खऱ्या होत्या.